वही कुणाच्या ओसरीवर उघडली?

समाजशास्त्राच्या प्रबंधांत हल्ली एक परिच्छेद हमखास सापडतो. मी शहरात वाढलेली, अमुक जातीतली स्त्री आहे, याचं मला भान आहे, अशा अर्थाचा. पूजेआधी संकल्प सोडावा तसा तो सोडला जातो आणि पुढच्या शेकडो पानांत ते भान कुठे डोकं वर काढत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख मला म्हणूनच पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. १९६२ मध्ये तो इंग्रजीतही गेला. दिंडीत अभंग सगळ्यांचे एकच, पण ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणं वेगळी. चित्पावन घरातल्या, बर्लिनची डॉक्टरेट असलेल्या बाई कुठल्या बाजूच्या, हे त्यांनी ठरवण्याआधीच ठरलेलं होतं. मराठा बायकांबरोबर त्या जेवल्या, तेव्हा कुठे त्या बायका मोकळ्या झाल्या. हात धरून चालू लागल्या, घरचं सांगू लागल्या. एखाद्या पुरुष संशोधकाचा हात त्यांनी धरला नसता, हे उघड आहे. पण नुसतं बाई असणंही पुरलं नाही, आधी एकत्र जेवावं लागलं. आणि एवढं झाल्यावर त्यांच्यातल्या एका तरुणीने विचारलंच, की आम्ही पुण्याला आलो तर तेव्हाही असंच वागाल का? प्रश्न वर्मी लागला. तरी कर्व्यांनी तो झाकला नाही, लेखात ठेवला.

मुक्कामाच्या जागेनेही असंच बरंच ठरतं. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई १९६०च्या सुमारास तंजावर जिल्ह्यातल्या एका गावात अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, राहिले. ब्राह्मणांनी त्यांना घरात घेतलं, पण त्यामुळेच चेरीत, म्हणजे दलितवस्तीत, मोकळेपणी वावरणं त्यांना अवघड झालं. संशोधक बाई की पुरुष, यानेही फरक पडतो. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने तिथल्या पुरुषांच्या देवाणघेवाणीवर ग्रंथ लिहिला. पुढे १९७० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ ॲनेट वायनर तिथे गेली आणि मयताच्या विधीत बायका वाटतात त्या केळीच्या पानांच्या जुड्या ही मोठी संपत्ती असल्याचं तिने दाखवलं. मात्र हे केवळ ती बाई म्हणून घडलं, असं मी म्हणणार नाही. बायकांच्या व्यवहाराला अर्थव्यवहार मानायची तिची तयारी होती.

तेव्हा मार्गदर्शकांनी तो पहिला परिच्छेद सरळ खोडावा. त्याऐवजी मुक्काम कुणाकडे होता, कुठल्या वस्तीत जाता आलं नाही, हे त्या त्या प्रकरणात लिहायला लावावं. मुलाखतीच्या वेळी सासू समोर बसली होती की नाही, हे न कळता सुनेच्या उत्तराचं वाचकाने करायचं काय?