घरात गुजराती, दारात मराठी

पाटणसारख्या गावी दोन-तीन पिढ्यांपूर्वी येऊन दुकान थाटलेल्या गुजराती अथवा मारवाडी जैन घरांना मुलांच्या भाषेची चिंता अशी कधी करावी लागली नाही. घरची बोली पाळण्यापासून कानी पडे आणि मराठी दुकानात मिळे. मोरगिरी, हेळवाककडून बाजाराला आलेला शेतकरी आपल्या खणखणीत मराठीत भाव करी. गल्ल्याशेजारी बसलेला दुकानदाराचा मुलगा ते ऐके आणि शाळेत जाण्याच्या आतच दोन्ही भाषांत व्यवहार करू लागे. कोणी शिकविले असे नाही.

आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. मूल तिसऱ्या वर्षीच इंग्रजी माध्यमात जाते, आणि घरी येणारी सून पुष्कळदा वेगळ्या भाषेची असते. सांगली-मिरजेकडील दिगंबर जैन घरांत मराठी बोलतात, काही घरांत कन्नडही. तेथील कन्या पाटणच्या गुजराती बोलणाऱ्या घरात आली, तर वडील व आजी गुजराती, आई मराठी आणि शाळा इंग्रजी असा तीन पदरी संसार उभा राहतो. अशा घरात भाषांच्या गमतीही घडतात. सासूने कुणाला ‘नवरो’ म्हटले की सुनेला लग्नाचा विषय निघाल्यासारखे वाटते. गुजरातीत त्याचा अर्थ केवळ ‘रिकामा, मोकळा’ असा होतो.

गंमत संपते ती मूल बोलायला थोडा उशीर लावते तेव्हा. “इतक्या भाषांनी पोर गोंधळले” असा निर्णय नातेवाईक देऊन टाकतात आणि घरातही इंग्रजीच बोलावी असा उपाय सुचवितात. हा निर्णय निराधार आहे. अनेक भाषा ऐकण्याने बोलण्यात व्यंग येत नाही. उशीर खरोखरच चिंताजनक वाटला तर मुलाचे कान तपासून घ्यावेत. आजीचे बोलणे बंद करू नये. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणे हाही दोष नव्हे. मोठी माणसे दुकानात दिवसभर तेच करीत असतात.

घरात भाषांची वाटणी कशी करावी, हा प्रश्न नवा नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा यांची पत्नी जर्मनभाषक होती. १९०८ साली पुत्र झाल्यावर त्यांनी आपले स्नेही मोरिस ग्रामाँ यांचा सल्ला मानला : एका माणसाने मुलाशी एकच भाषा बोलावी. वडील फ्रेंच, आई जर्मन. मूल दोन्ही भाषा उत्तम शिकले आणि रोंझांनी १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून हा नियम जगभर सांगितला जातो.

मात्र तो पुरेसा नाही, हे बेल्जियमच्या डचभाषक फ्लँडर्स प्रांतात दिसून आले. तेथे अ‍ॅनिक दे हाउवर यांनी जवळपास १,९०० कुटुंबांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ही सर्व कुटुंबे अशी होती की, ज्यांत निदान एक पालक घरी डचखेरीज दुसरी भाषा बोलत असे. तरीही सुमारे एक चतुर्थांश घरांतील मुले ती दुसरी भाषा बोलत नव्हती. दोन्ही पालक घरात केवळ तीच भाषा बोलत, तेथे जवळजवळ सर्व घरांत ती टिकली. एकाने ही व दुसऱ्याने डच अशी वाटणी केलेल्या घरांपैकी जेमतेम तीन चतुर्थांश घरांत. डच मात्र सगळ्यांनाच आली. शाळेची आणि रस्त्याची भाषा मूल कोठूनही उचलते. घरापुरती असलेली भाषा घरानेच पुरवावी लागते.

याच फ्लँडर्समधील अँटवर्प शहरात हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त स्थायिक झालेली, मूळची बहुतांशी पालनपूरची, जैन कुटुंबे आहेत. घरी गुजराती, शहरात डच आणि व्यापारात इंग्रजी हे त्यांचे रोजचे गणित. पाटणच्या पेढीवरील गणित त्याहून फारसे वेगळे नाही. डचच्या जागी मराठी घालावी इतकेच. एक साम्य तर खास व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. सत्तेचाळीस म्हणताना मराठी आधी सात सांगते व मग चाळीस. गुजराती तसेच करते आणि डचही. इंग्रजी उलट चालते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला! वाद कसाही मिटो, काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकाने “सत्तेचाळीसला दे” म्हटल्यावर मालकाचा मुलगा मोबाइलच्या पडद्याकडे पाहू लागला, तर त्या पेढीचे काही तरी निसटले आहे. इंग्रजी शाळेतील मुलाला मराठी पाढे घरीच म्हणवून घ्यावे लागतील, आणि सुट्टीत तासभर गल्ल्याजवळ बसवावे लागेल.

या तिन्हींत सर्वांत कमकुवत बाजू गुजरातीची. तिला पाटणमध्ये ना शाळा, ना रस्ता. मूल आजीचे सारे समजते, पण उत्तर मराठीत देते. थोड्या वर्षांनी समजणेही विरळ होते. अशा वेळी “गुजरातीत बोल” असे दटावून फारसे साधत नाही. आजीने पुन्हा गुजरातीतच विचारावे, न समजल्यासारखे करावे, गोष्ट अर्ध्यावर थांबवावी. वडिलांनी तर दुकान बंद करून घरी आल्यावर मराठीत शिरूच नये. दिवसभराच्या सवयीमुळे खरी चूक तेथेच होते. सुनेने गुजराती शिकावी हे ठीक, पण तिने मुलाशी आपली मराठी सोडावी असा आग्रह धरणे अन्यायाचे आहे. सांगलीच्या आजोळचेही काही देणे असतेच.

लिपीचे काम त्या मानाने सोपे. देवनागरी वाचणाऱ्या मुलाला शिरोरेखा नसलेली गुजराती अक्षरे बरीचशी ओळखीची वाटतात. क, ज, ख अशी काही वेगळी वळणे घटवून घ्यावी लागतात. प्रतिक्रमणाची सूत्रे प्राकृतात आहेत व देवनागरीत छापलेली मिळतात. पण आजीच्या कपाटातील स्तवनांची आणि सज्झायांची पुस्तके गुजरातीत असतात, जुन्या वह्याही. रोज रात्री दहा मिनिटे, आजीच्या मांडीवर तेच पुस्तक उघडून, एक-एक ओळ तिने म्हणावी आणि मुलाने बोट ठेवून वाचावी. हे आजीच्या डोळ्यांना दिसते आहे तोवरच करता येण्यासारखे आहे.