आधी ब्लेड बघा

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. कारण आळस, दुसरं काही नाही. पण दिवाळीत गावी एक गोष्ट घडली आणि ती तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. घरातली मंडळीही हे वाचतात हे मला माहीत आहे. कोल्हापूरच्या आत्या तर वाचून लगेच फोन करतात. तरीही लिहितोच, कारण चूक माझी आहे आणि ती मीच सांगितलेली बरी.

आमचं गाव कवठे महांकाळ. रत्नागिरी-सोलापूर महामार्गाने मिरजेहून पंढरपूरकडे निघालात की लागतं. एके काळी दुष्काळी तालुका म्हणूनच ओळख होती. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, द्राक्षबागा वाढल्या, बेदाण्याची शेड उभी राहिली. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या धाकट्या काकांनी, हा सगळा बदल सुतारकामातून बघितला. आधी बाभळीचे कुळव, पाभरी, बैलगाडीची चाकं. मग ट्रॅक्टर आला आणि ते काम संपलं. मग चौकटी, दारं. आता देव्हारे, चौरंग, कमानी असलं नक्षीचं काम. या सगळ्यात त्यांच्यासोबत टिकलं ते एकच मशीन, चोवीस इंची चाकांचा बिडाचा बँडसॉ. चाळीसेक वर्षं झाली असतील त्याला.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकावर एक दोन मोठी चाकं. त्यांच्यावरून पोलादी पट्टीचं एक सलग कडं फिरतं, त्याच्या एका काठाला दात. मधल्या टेबलावर लाकूड ठेवायचं आणि हाताने ढकलत न्यायचं. आप्पा त्यावर पेन्सिलच्या रेघेवरून अशी कमान कापायचे की नंतर कानस मारायलाही काही उरायचं नाही. लहानपणी मी तासन् तास बघत बसायचो.

तर दिवाळीला गेलो तर मशीनवर पोतं टाकलेलं. दादा (आप्पांचा मुलगा) मला बाजूला घेऊन म्हणाला, "आप्पांचा हात हलायला लागलाय. दोन महिन्यांत सागवानाच्या तीन फळ्या घालवल्या. रेघ सोडून कापतायत. मशीन देऊन टाकावं म्हणतो. भंगारवाला बघून गेलाय."

सागवानाचा भाव काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. तीन फळ्या म्हणजे चेष्टा नाही. आणि बँडसॉवर हात हलणं ही तर फळीपेक्षाही मोठी भीती. काकी म्हणाल्या, "बोटं शाबूत हायत तवर थांबल्यालं बरं." मलाही पटलं. सगळ्यांनाच पटलं. वाईट एवढंच की आप्पांनाही पटलं होतं. सोप्यात बसून म्हणाले, "डोळा गेला बाळा आता. हातबी ऐकत न्हाई." पंचाहत्तरीच्या माणसाने असं म्हटलं की आपण मान डोलावतो. वय झालं, असं व्हायचंच.

दुसऱ्या दिवशी सहज त्या वाया गेलेल्या फळ्या बघत होतो. तिन्हींवर आप्पांची रेघ होती आणि तिन्हींवर काप रेघेच्या डावीकडे गेला होता. तिन्हीही डावीकडेच! मला आधी काही वाटलं नाही. मग चहा पिताना एकदम वाटलं, हात हलत असता तर काप कधी डावीकडे, कधी उजवीकडे गेला असता ना? थरथरणारा हात इतका शिस्तीत एकाच बाजूला कसा चुकेल?

दादाला बोलावलं. पोतं काढलं. आधी मशीनची वायर प्लगमधून काढली आणि वरचं चाक हाताने सावकाश फिरवलं. ब्लेडच्या मागे एक छोटी बेअरिंग असते, लाकूड ढकललं की ब्लेडच्या पाठीला टेकू द्यायला. ब्लेड आणि त्या बेअरिंगमधली फट बघत राहिलो. फट तेवढीच राहायला हवी. ती राहीना. ब्लेड मध्येच पुढे सरकायचं, परत मागे यायचं.

दादाचा हात लगेच मागच्या नॉबकडे गेला. त्या नॉबने वरचं चाक किंचित तिरकं होतं आणि ब्लेड चाकावर मागेपुढे सरकवता येतं. चाकावरचा रबर मध्ये थोडा फुगीर असतो, ताणलेलं ब्लेड आपोआप त्या उंचवट्याकडे चढू बघतं. त्या आधारावरच ते चाकावर टिकतं. ब्लेड पळायला लागलं की सगळे आधी हा नॉब पिळतात. पण नॉबने ब्लेडची जागा बदलते, डुलणं थांबत नाही.

मग दोष चाकात की ब्लेडमध्ये? ते ओळखणं सोपं निघालं. चोवीस इंची चाकाचा घेर साधारण ७५ इंच. ब्लेड १५ फूट, म्हणजे १८० इंच. ब्लेडचा एक फेरा होईपर्यंत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. उडी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला येत असेल तर दोष चाकात किंवा त्याच्या रबरात. ब्लेडच्या फेऱ्याला एकदाच येत असेल तर दोष ब्लेडमध्ये. ब्लेडच्या जोडावर खडूने खूण केली आणि फिरवलं. खडू आला की उडी, खडू आला की उडी. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

ब्लेड काढून जोडाच्या पाठीला पोलादी पट्टी लावून उजेडात धरली. पट्टीखालून उजेड दिसला. दोन टोकं जोडताना सरळ रेषेत धरलेलीच नव्हती.

आणि डावीकडे जाणारा काप? बँडसॉचे दात आलटून पालटून डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणजे काप ब्लेडच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि ब्लेड अडकत नाही. एका बाजूचे दात जास्त वाकलेले किंवा जास्त धारदार असले की ब्लेड त्या बाजूला ओढतं. यावरून बोट फिरवायचं नाही, बघायचं असतं. एका बाजूचे दात स्पष्ट जास्त बाहेर होते.

आता चुकीचा भाग. हे ब्लेड मीच आणलेलं होतं. उन्हाळ्यात पुण्याच्या एका दुकानातून तीन ब्लेडं घेतली होती. स्वस्त मिळाली म्हणून खूश होतो. त्यावर कंपनीचं नाव नाही, जाडी नाही, काही नाही. त्यातलं एक आधीच तुटलं होतं आणि तेही आप्पांच्या हातावर ढकललं गेलं होतं ("जोरात दाबत असतील"). दादाने शेजारच्या लेथवाल्याकडून मायक्रोमीटर आणला. जाडी निघाली ०.९ मिलिमीटर. जुना ठोकताळा असा की ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून जास्त नसावी. चोवीस इंच म्हणजे ६१० मिलिमीटर, म्हणजे ०.६ च्या आसपास. जाड ब्लेड लहान चाकावरून सतत वाकत राहिलं की दातांच्या खाचेत तडे जाऊन तुटतं. तुटलेल्या तुकड्यावर तसे तडे होते.

मी आप्पांना विचारलं, "तुम्हाला कळलं नाही का हो? जोड टिकटिक वाजत असणार की."

आप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वाजत हुतं. पर तू आणल्यालं हुतं की रं. पुण्यासनं. मला वाटलं माझंच चुकतंय."

या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

ज्या माणसाने आयुष्यभर ब्लेडचे जोड स्वतः झाळले, त्याने पुतण्याच्या खरेदीवर शंका घेण्याऐवजी स्वतःच्या हातावर घेतली! आणि आम्ही सगळे शिकलेले लोक, आम्हीही तेच केलं. कारण माणूस म्हातारा होता आणि ब्लेड नवीन होतं.

नंतर मी थोडं वाचलं. बँडसॉची कल्पना फार जुनी आहे. विल्यम न्यूबेरी नावाच्या माणसाला इंग्लंडमध्ये १८०९ साली त्याचं पेटंट मिळालं होतं. पण पुढची जवळजवळ चाळीस वर्षं ते यंत्र धड चाललं नाही. का? तर चाकांवरून वाकून वाकून ब्लेड तुटायचं, नाहीतर त्याचा जोड सुटायचा. १८४६ साली अ‍ॅन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच बाईने जोड घालण्याच्या नव्या पद्धतीचं पेटंट मागितलं आणि पुढे ते हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीने घेतले. चांगल्या पोलादाची जोड मिळाली आणि मग कुठे बँडसॉ कामाचा झाला. म्हणजे यंत्र तयार होतं, सगळं अडलं होतं ते बोटभर जोडापाशी. दोनशे वर्षांनी आमच्या घरातही सगळं तिथेच अडलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. काम बिघडलं की आपण आधी माणसाकडे बघतो, मग मालाकडे आणि सगळ्यात शेवटी हत्याराकडे. क्रम उलटा हवा. हत्यार तपासायला दहा मिनिटं लागतात, एक खडू आणि एक पट्टी. माणसाला "तुझा हात गेला" म्हणायला एक सेकंद लागतो आणि तो शब्द परत घेता येत नाही.

दुसरं म्हणजे ब्लेड घेताना भाव विचारण्याआधी जाडी विचारा, जोडाच्या पाठीला पट्टी लावून बघा आणि दोन्ही बाजूंचे दात उजेडात बघा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. मी ते केलं असतं तर तीन फळ्या वाचल्या असत्या, आणि फळ्यांचं सोडा.

आता कुणी म्हणेल, पण पंचाहत्तरीच्या माणसाने मशीनवर बसावं का? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. आप्पांनी माळ्यावरचं एक जुनं ब्लेड काढलं, कानशीने धार केली, दात एकेक करून सारखे वाकवले. मशीनवर चढवून आधी ताण दिला, मग चाक हाताने फिरवत नॉब अगदी थोडा थोडा हलवला, आणि सगळ्यात शेवटी बाजूचे गाईड कागदाच्या जाडीएवढ्या अंतरावर आणले. दादाने रद्दी फळीवर कापून बघितलं. रेघेवरून सरळ गेलं. मग आप्पांनी कापलं. तेही सरळ गेलं, पण कमानीच्या शेवटी थोडं रेघेबाहेर. म्हणजे डोळ्याचाही थोडा दोष होताच. खोटं कशाला बोलू? डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितलाय, ऑपरेशन ठरलंय. तोवर कापायचं काम दादाकडे. रेघ मारणं, ब्लेड लावणं आणि धार करणं आप्पांकडे.

पण मोतीबिंदूमुळे थांबणं वेगळं आणि खोट्या आरोपामुळे थांबणं वेगळं. आता ते जे सोडतील ते स्वतः ठरवून सोडतील.

भंगारवाला पाडव्याला परत आला होता. आप्पांनीच त्याला दारातून विचारलं, "काय पायजे?" आणि आतून ती दोन नवी ब्लेडं आणून त्याच्या काट्यावर ठेवली.

असो. तुमच्या घरात असं कुणी आहे का, ज्याचा "हात गेला" असं तुम्ही ठरवून टाकलंय? एकदा ब्लेड बघून या. आणि आत्या, फोन केलात तरी चालेल. यावेळी ओरडा खायची तयारी आहे.