कोड हे पापाचे फळ नव्हे

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एका सप्ताहात कर्मविपाकावर निरूपण करताना मी बोलून गेलो, की अंगावर कोड फुटते ते पूर्वजन्मीच्या पापाने. समोर बसलेल्या एका माउलीने हात पदराखाली घेतले आणि ती मुकाट्याने उठून गेली. तिच्या बोटांवरचे पांढरे डाग मला तेव्हा दिसले. टाळकऱ्यांनी गजर धरला, कीर्तन पुढे गेले. आज तेच वाक्य तरुण महाराजांच्या तोंडून ऐकतो, म्हणून हे लिहितो आहे.

कोणी म्हणेल, शास्त्राचा आधार आहे. आहे. चरकसंहितेत किलासाच्या, म्हणजे कोडाच्या कारणांत कृतघ्नपणा, गुरूंचा अपमान आणि पूर्वकर्म सांगितले आहे. पण सुश्रुतसंहिता असेही सांगते, की किलास फक्त त्वचेपुरते असते, त्यातून स्राव होत नाही. हे आम्ही कधी सांगत नाही. आणि सगळे कर्मानेच होत असेल तर माझा मधुमेह उतारवयाचा आणि त्या माउलीचे कोड तेवढे पापाचे, हा कुठला न्याय?

कोड दिसते कसे, ते नीट पाहा. डाग दुधासारखा किंवा खडूसारखा पांढरा, कडा स्पष्ट. डोळ्यांभोवती, ओठांभोवती, बोटांच्या टोकांवर, गुडघ्यांवर, पावलांवर; बहुधा दोन्ही अंगांना सारखा. डागावरचे केसही पांढरे होतात. खवले नाहीत, पू नाही आणि स्पर्श पूर्ण कळतो. महारोगाचा डाग फिकट किंवा लालसर असतो, तिथे स्पर्श कळेनासा होतो. महारोगही औषधाने बरा होतो, तेव्हा त्याचीही किळस नको. पण कोड तो नव्हेच. शरीराची रक्षण करणारी शक्तीच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून त्वचेचा रंग जातो. जगात शंभरांत साधारण एकाला कोड असते. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने ते होत नाही. काहींचे डाग मलमांनी व प्रकाशाच्या उपचारांनी भरतात. बोटांच्या टोकांवरचे मात्र हट्टी असतात. टिकलीच्या गोंदाने कपाळावरही असा डाग पडतो. तेही पापच का?

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी ‘श्वेता’ संस्था काढली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली याच विषयावर ‘नितळ’ चित्रपट केला. डॉक्टर बोलले, सिनेमावाले बोलले. ज्यांच्यापुढे गावेच्या गावे रात्री जमतात, ते आम्ही कीर्तनकार का गप्प?

आमच्या राळेगणसिद्धीत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी गावाने स्वतःवर घालून घेतली. दलित बांधवांचे कर्ज फिटावे म्हणून गाव त्यांच्या शेतात राबले. तरी सोयरीक जुळवताना मुलीच्या अंगावर डाग आहे का, हे आजही सगळीकडे दबक्या आवाजात विचारले जाते. आता जिभेवरही एक बंदी घालू या.

सावळ्या विठ्ठलाला आपण पांडुरंग म्हणतो. पांडुर म्हणजे फिकट पांढरा. नावात पांढरा आणि रूपात सावळा असा देव आपण उराशी धरतो; मग अंगावर दोन रंग असलेल्या माणसाच्या पाया पडताना हात का आखडतो?

कोड असलेल्या वारकऱ्यांना एवढेच सांगतो. वारीत ऊन लागले की डाग लवकर भाजतो, म्हणून त्यावर उपरणे किंवा पदर घ्या. उन्हासाठी घ्या, लाजेसाठी नको. पंगतीत आमच्या शेजारी बसा.

त्या माउलीची क्षमा मागायची राहून गेली. ती इथे मागतो.

रामकृष्ण हरी.