धरणीच्या पोटातील खबर

मडके विकत घेताना आपल्या माता-भगिनी ते बोटाने ठोकून पाहतात. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के, बद्द आला तर कुठेतरी तडा. आत न शिरता आतली खबर काढण्याची ही रीत. शास्त्रज्ञ पृथ्वीचे पोट तपासतात तेही असेच. मात्र तेथे ठोका देतो भूकंप!

माणसाने घेतलेले सर्वांत खोल विंधण रशियात कोला येथे आहे. त्याची खोली १२ किलोमीटरहून थोडी जास्त. पृथ्वीचा मध्य तर सुमारे ६,३७० किलोमीटर खोल. तेव्हा खणून काय दिसणार?

८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियातील झाग्रेब शहराजवळ भूकंप झाला. तेथील वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोविचिच हे जहाजाचे नांगर घडविणाऱ्या लोहाराचे पुत्र. त्यांनी ठिकठिकाणच्या नोंदी जमविल्या. काही केंद्रांवर एकाच जातीच्या लाटा दोनदा पोहोचलेल्या दिसल्या. ठोका एक आणि निरोप दोन, हे कसे?

त्यांनी उलगडा केला. काही लाटा वरच्या खडकातून सरळ आल्या. काही खोल उतरून, खालच्या खडकातून वेगाने धावून पुन्हा वर आल्या. लांबच्या गावी जाताना वळसा पडला तरी हमरस्त्याची गाडी आधी पोहोचते, तसेच हे. वर लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, खाली सुमारे ८. जेथे वेग एकदम वाढतो, तेथे पृथ्वीचे कवच संपते. जमिनीखाली ही सीमा बहुतेक ठिकाणी ३० ते ५० किलोमीटरवर आहे. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आम्ही विसरलेलो नाही. पुढे तेथे विंधण घेतले, तेव्हा वरचा काळा खडक अवघा ३३८ मीटर जाड निघाला. भूकंपाचे मूळ त्याच्याही खाली, जुन्या खडकात होते. अशा वेळी कोप झाला, पाप भरले, असे सांगणारे भेटतात. लाटांची नोंद मात्र जागा, खोली आणि कारण दाखविते.

भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे आजही कोणी सांगू शकत नाही. पण किल्लारीत हजारो जीव गेले ते दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदे अंगावर कोसळून. म्हणून आमचे सांगणे एवढेच : घर लहान बांधा, पण चारही भिंतींना एकत्र धरून ठेवणारा काँक्रीटचा सलग पट्टा घालायला विसरू नका.