पुढच्या रांगा कुणाच्या?

ग्रीन डे हा अमेरिकी पंक बँड मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा महोत्सवात वाजवून गेला. ओळखीतल्या काही पोरापोरींनी त्यासाठी पनवेलहून हार्बर लोकल धरली. मुलग्यांना घरच्यांनी तिकिटाची किंमत विचारली. मुलींना विचारलं, "परत कशी येणार?" आणि ते झाल्यावर, "गर्दीत कुठे उभी राहणार?" दुसरा प्रश्न पंकच्या इतिहासात चांगलाच गाजलेला आहे, हे त्या आयांना ठाऊक असण्याचं कारण नाही.

पंक म्हणजे रियाझाची अट नसलेलं संगीत. तीन कॉर्ड आल्या की बँड काढायचा आणि जे खुपतंय ते ओरडून सांगायचं. लंडनमध्ये सत्तरच्या दशकात पॉली स्टायरीन ही सोमाली बापाची मुलगी दाताला तारा लावून याच हिमतीवर मंचावर चढली. पण बंडखोर म्हणवणाऱ्या या दुनियेत मंचासमोरची जागा पोरांनी बळकावली. तिथं धक्काबुक्कीचाच नाच चाले. मुली मागे भिंतीला, बहुतेकदा मित्रांचे कोट सांभाळत. अमेरिकेतल्या ऑलिंपिया गावात १९९० साली बिकिनी किल हा बँड निघाला आणि त्याची गायिका कॅथलीन हॅना माइकवरून सांगू लागली, मुलींनो पुढे या, पोरांनो मागे सरका. पुढे आलेल्या मुलींच्या हातात ती गाण्यांचे छापील कागद देई. शेरेबाजी करणाऱ्याला बाहेर काढायला स्वतः गर्दीत उतरे. त्यावरून तिला शिव्या मिळाल्या, मारही बसला. यातून उभी राहिलेली 'रायट गर्ल' चळवळ मुख्यतः गोऱ्या मुलींपुरतीच राहिली अशी टीका झाली, आणि ती खरी होती.

आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. तमाशाच्या फडावर बाई फार आधीपासून आहे. विठाबाई नारायणगावकरांनी तर प्रयोग सुरू असताना बाळाला जन्म दिला आणि पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या, असं आपण कौतुकानं सांगतो. त्या रात्री त्यांना घरी जाऊन निजता का आलं नाही, हे मात्र विचारत नाही. मंचावरची बाई ठराविक जातींतली आणि समोर सगळे पुरुष, हा आपला रिवाज. अलीकडे नाट्यगृहांत 'खास महिलांसाठी' लावणीचे प्रयोग होतात. तिथं साठीच्या आजी शिट्ट्या मारतात. मला तो प्रकार हॅनाच्या हाकेइतकाच बंडखोर वाटतो.

लावणी नर्तकी गौतमी पाटीलच्या बाबतीत काय झालं ते आठवा. तिच्या हावभावांवरून महाराष्ट्रभर काहूर उठलं आणि तिनं जाहीर माफीही मागितली. तिच्या कार्यक्रमांत हुल्लड करणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती कपडे बदलत असतानाचं चोरून केलेलं चित्रण पसरवलं गेलं, तेव्हाही 'अशा नाचणारीला कसली लाज' म्हणणारे होतेच. असं चित्रण करणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच वेळी किमान एक आणि कमाल तीन वर्षं कैद होते.

लग्नाच्या मांडवातही हाच जागेचा प्रश्न आहे. पनवेल-उरणच्या आगरी गावांत लग्न लावायला धवलारीण असे. ती धवले गायची आणि एकेक विधी पुढे सरकायचा. मांडवात तिचा शब्द चाले. आता हळदीला डीजे येतो. पोरीच्या कमरेवर बेतलेली गाणी वाजतात आणि समोर प्यायलेल्या पोरांचं कोंडाळं. बायका ओट्यावरून बघतात. डीजेला माझा विरोध नाही, मीही नाचलोय. गाणी कोण निवडतं आणि ओट्यावर कोण ढकललं जातं, एवढंच मला विचारायचं आहे.

चार माणसांच्या बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती कुठून असणार, असं विचारलं जातं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात त्याची सोय आहे. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील, तर बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ऑर्केस्ट्रातली गायिका तिथं कामालाच आलेली असते, हे आयोजकांना पटलं तरी पुष्कळ झालं.

तेव्हा गणपतीत ऑर्केस्ट्रा ठेवणाऱ्या पनवेलच्या मंडळांना माझं सांगणं आहे: कलाकार बायकांना कडी लागणारी खोली द्या, पहिल्या चार रांगा बायकांसाठी राखा आणि हुल्लड करणाऱ्याला मंडळाच्याच पोरांनी बाहेर काढा. वर्गणी तर तुम्ही आमच्या घरातल्या बायकांकडूनच नेता.