समुद्रपार जाणारा पाहुणा आणि मावळचे माळ

सातबाराच्या उताऱ्यावर न पिकणाऱ्या जमिनीची नोंद ‘पोटखराबा’ अशी होते. वडगाव मावळ हे ज्या तालुक्याचे मुख्य ठिकाण, त्या मावळात असे गवताळ माळ पुष्कळ आहेत. लोणावळ्याभोवतालच्या माळांवर नोव्हेंबर-डिसेंबरात अमूर ससाणा हा चिमुकला शिकारी पक्षी थोडा काळ विसावतो. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. परंतु आग्नेय सैबेरिया व उत्तर चीनमधून निघून तो दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो आणि जाऊन-येऊन वर्षाला वीस हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडतो.

वाटेत अरबी समुद्र आहे. कुरव थकला तर लाटेवर टेकू शकतो. ससाण्याला ती सोय नाही. अडीच-तीन हजार किलोमीटरांचा हा टप्पा त्याला अखंड उडत पार करावा लागतो. त्यासाठी लागणारी चरबी पंख फुटलेली वाळवी व इतर किडे खाऊन आधीच साठवावी लागते. समुद्रप्रवासाची शिदोरी अशी जमिनीवर बांधली जाते.

या शिदोरीचा मोठा भाग नागालँडमध्ये मिळतो. तेथील वोखा जिल्ह्यात, दोयांग जलाशयाकाठी, मासेमारीच्या जाळ्यांत हे पक्षी पकडून विक्रीसाठी मारले जातात, हे 2012 साली उघड झाले. बळींचा अंदाज लाखाच्या पुढे होता. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून होताच. पण शिकार थांबली ती 2013 साली, पांगती व शेजारच्या गावांनी स्वतः तसे ठरविले तेव्हा. त्याच वर्षी उपग्रह-यंत्र बसवून सोडलेले ‘नागा’ आणि ‘पांगती’ हे ससाणे आफ्रिकेतून पुढल्या वर्षी सुखरूप परतले.

येथे अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न उभा राहतो. पक्षी वाचल्याचा लाभ अनेक देशांना होतो. त्यासाठी हंगामाची मिळकत मात्र मूठभर गावांनी सोडली. भारत 1983 पासून स्थलांतरित वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे. परंतु कराराचा भार कोणी सोसावा, याचे उत्तर पांगतीने स्वतःच्या खिशातून दिले.

मावळात जाळ्यांचा प्रश्न नाही. येथे माळाचे भूखंड पाडले जातात, त्यांवर बंगले उठतात, आणि त्यात कोणताही कायदा मोडत नाही. सरकारी हिशेबात गवताला किंमत नसल्यामुळे ते नाहीसे झाल्याचा तोटाही कोठे मांडला जात नाही. तेव्हा सुरुवात हिशेबापासूनच व्हावयास हवी. पक्षी उतरतात ते माळ ग्रामपंचायतींनी नोंदवावेत, गायराने राखावीत; आणि राखणाऱ्या गावांना शासनाने मोबदला द्यावा. केवळ गावाच्या सद्भावनेवर विसंबून राहिल्यास पांगतीवर पडलेला भार उद्या मावळच्या शेतकऱ्यावर पडेल, आणि जमिनीचे चढते भाव पाहता तो त्याला पेलवणार नाही.