आधी मागचे दिवे

प्रीमिअर पद्मिनी हे नाव त्या गाडीला १९७४ मध्ये मिळालं. सुरुवातीला कुर्ल्याच्या कारखान्यातून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून बाहेर पडायची, आणि आमच्या नगरकडे तर तिला कायम ‘फियाट’च म्हटलं गेलं. त्या वर्षीच्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. मात्र मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. आमच्या घरची पद्मिनी त्यानंतरची आहे आणि ती चालती आहे. जुनी गाडी चालती ठेवायची तर ती रात्रीही रस्त्यावर येणार, आणि तिथे प्रश्न दिव्यांचा येतो.

एलईडी बल्ब आता कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतात. जुनी गाडी हाती आलेला प्रत्येक हौशी माणूस पहिल्यांदा हेडलाइटचे बल्ब बदलतो. माझं म्हणणं असं की सुरुवात मागून करावी. आपल्याला रस्ता दिसण्याइतकंच, किंबहुना काकणभर जास्त, आपण इतरांना दिसणं महत्त्वाचं आहे. ऊसतोडीच्या दिवसांत राहुरी-कोल्हारच्या बाजूने नगर-मनमाड रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या, धुकं, धूळ. त्यातल्या कित्येक वाहनांना मागे लाल दिवा नसतो. मागून नव्या गाड्या भरधाव येत असतात आणि मधे आपली पद्मिनी, मिणमिणत्या टेल लॅम्पची.

हा मिणमिणता उजेड बहुतेक वेळा बल्बचा दोष नसतो. आमच्या गाडीची मागची लाल काच केडगावच्या एका मिस्त्रींनी उघडली तेव्हा आतलं रबर कडक होऊन चिरलेलं होतं आणि बारीक धूळ थराने साचली होती. होल्डरच्या तळाची स्प्रिंग गंजून बसली होती, रिफ्लेक्टरची चांदी उडून पत्रा काळवंडला होता. त्यांनी बल्बला हात लावला नाही. पॉलिश पेपरने होल्डर आतून घासला, स्प्रिंग बदलली, होल्डरपासून बॉडीपर्यंत अर्थिंगची नवी वायर टाकली, जिथे ती बॉडीला जोडली तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला आणि वर पेट्रोलियम जेली चोपडली. काळवंडलेल्या पत्र्याला आतून पांढरा रंग दिला. बल्ब जुनाच, २१/५ वॅटचा, दोन तारांचा. त्याच्या दोन पिना वरखाली असतात, म्हणून ब्रेकची तार आणि पार्किंगची तार यांची अदलाबदल होत नाही. तोच बल्ब लावला आणि ब्रेकचा दिवा भर दुपारीही लांबून दिसायला लागला.

त्यानंतर मग एलईडी. मागच्या दिव्यांना तो खरोखर उपयोगाचा आहे. तारेचा बल्ब पूर्ण तापून उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा घेतो, एलईडी तत्क्षणी लागतो. मागची गाडी ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर तेवढ्यात ती तीन मीटरहून जास्त पुढे सरकते. लाल काचेमागे लाल एलईडीच घ्यावा. पांढरा घेतला तर ब्रेकचा दिवा फिक्कट दिसतो. साइड इंडिकेटरचं गणित मात्र बदलतं. जुना फ्लॅशर बल्बांनी ओढलेल्या करंटवर चालतो. एलईडी फार कमी करंट घेतो, त्यामुळे इंडिकेटर एक तर लागून राहतो किंवा भराभर उघडझाप करतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला की हे मिटतं.

हेडलाइटच्या बाबतीत मी पक्का जुन्या मताचा आहे. त्या डोमची घडण बल्बची तार नेमकी कुठे असेल हे धरून केलेली असते. तिथे भलत्या आकाराचा एलईडी बसवला की उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो, डिपर दिला तरी. दिवे तपासून पास करावे लागतात ते याचसाठी. वाहनांच्या चाचणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम १२६ मध्ये ज्या संस्था नेमल्या आहेत, त्यांत आपल्या नगरची व्हीआरडीई आहे. ज्या गावात ही संस्था आहे, तिथल्या रस्त्यांवर तरी समोरच्याला आंधळं करणारे दिवे नसावेत, असं मला मनापासून वाटतं.

मग उजेड वाढवायचा कसा? वायरिंगमधून. त्या काळच्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डाच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. बल्बपर्यंत दहा टक्के कमी व्होल्टेज पोहोचलं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि अप्पर-डिपरला एकेक रिले, एवढ्या कामाने ६०/५५ वॅटचा साधा एच-४ बल्बही मोकळा पेटतो. १००/९० वॅटचे बल्ब दुकानदार आग्रहाने दाखवतात. ते घेऊ नयेत. होल्डर वितळतो, डायनामोला भार पेलत नाही, आणि रस्त्यावर ते नियमात बसत नाहीत.

डॅशबोर्डाचे चिमुकले बल्ब बदलताना चार्जिंगच्या लाल दिव्याकडे लक्ष ठेवावं. अल्टरनेटर बसवलेल्या अनेक गाड्यांत त्याला जागं करणारा सुरुवातीचा करंट याच बल्बमधून जातो. तिथे एलईडी लावला तर चार्जिंग सुरू व्हायलाच वेळ लागतो. तो एक तारेचाच ठेवावा. मीटरमागे पिवळसर उजेडाचा एलईडी चालतो, निळसर पांढरा नको. रात्रीच्या अंधारात तो डोळ्यांवर येतो, आणि त्या डायलवर तो शोभतही नाही.

साखर कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत एका संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी गाडीमागे पन्नास पावलांवर उभं करा आणि ब्रेक, पार्किंग, दोन्ही इंडिकेटर लावून विचारा, दिसतंय का. ऊस वाहणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्याच्या ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टरची पट्टीही त्याच दिवशी लावून द्या.